बोगद्यातला रेडिओ: आपले अनुभव लिहा

ठाण्याच्या टिकुजिनीवाडीकडून बोरिवलीला निघणाऱ्या जुळ्या बोगद्याचे काम चालू आहे. तो पूर्ण झाला की दहा किलोमीटरहून अधिक प्रवास डोंगराखालून होईल. तेवढ्या अंतरात गाडीतला रेडिओ चालू राहावा, असे मला मनापासून वाटते. बोगद्यात रेडिओ गेल्याचा आपला अनुभव कृपया लिहावा.

कळव्याहून: पूर्वी जलद लोकल पारसिकच्या १९१६ सालच्या बोगद्यातून जात. डब्यात कुणाच्या तरी ट्रान्झिस्टरवर समालोचन चाललेले असे आणि बोगद्याच्या तोंडाशीच ते बंद पडे. दिवा स्टेशनच्या बाजूला उजेड दिसला की सारा डबा धावसंख्या विचारी.

खारघरहून: मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर भाताणच्या बोगद्यात पुढे ट्रक बंद पडल्यामुळे आम्ही अर्धा तास अडकलो होतो. एफएम १०७.१ वर नुसती खरखर होती. आग लागली आहे की साधी कोंडी आहे, हे कुणालाच कळत नव्हते. सगळ्यांची इंजिने चालूच होती, आणि दमा असलेली माझी आई पदर नाकाशी धरून बसली होती. अखेर एक टँकरचालक एकेका गाडीची काच वाजवत, "इंजिन बंद करा, ट्रक हलवतायत," असे सांगत मागे आला. ते एक वाक्य रेडिओवरून सगळ्यांना एकदम ऐकवता आले असते.

ऐरोलीहून: मी संदेशवहनाच्या कामातून निवृत्त झालो आहे. खारघरच्या ताई म्हणतात ते शक्य आहे. आकाशवाणीच्या अस्मिता वाहिनीची ५५८ किलोहर्ट्झची लहर पाचशे मीटरहून लांब असल्यामुळे बोगद्याच्या तोंडाशीच विरते. एफएमची लहर जेमतेम तीन मीटरची असल्याने आत शिरते, पण खडक आणि काँक्रीट तिला लवकरच शोषून घेतात. म्हणून बाहेरच्या अँटेनावर कार्यक्रम घेऊन, त्याची शक्ती वाढवून, तो बोगद्याच्या लांबीभर टाकलेल्या केबलमधून आत सोडतात. या केबलच्या बाहेरच्या वाहक आवरणाला खाचा असतात आणि त्यांतून लहर झिरपत राहते. नियंत्रण कक्षाला चालू कार्यक्रम मध्येच थांबवून सूचना देता येते. फ्रान्स आणि इटली जोडणाऱ्या माँ ब्लाँ बोगद्यात १९९९ साली आगीत ३९ माणसे गेली. त्यानंतर २००४ च्या युरोपीय नियमांत, नियंत्रण कक्ष असलेल्या बोगद्यात रेडिओ ऐकू येत असेल तर मध्येच सूचना देण्याची ही सोय हवीच, असे घातले गेले.

माजिवड्याहून: मी न्हावा शेव्याहून कंटेनर आणतो. इंजिनाच्या आवाजात एकदाच दिलेली सूचना ऐकू येणार नाही. ती मराठीत आणि हिंदीत, सावकाश, दोन-तीनदा द्यावी, आणि बोगद्याच्या अलीकडे "रेडिओ चालू ठेवा" अशी मोठी पाटी लावावी.