पाईपचा गॅस घरोघरी आला की देशाची वाढ होते का?

पूर्वभागातला:
सोलापुरात आमच्या गल्लीत गॅसच्या पाईपसाठी रस्ता खणलाय, मला तर आनंदच झाला. देशाच्या एकूण ऊर्जेत नैसर्गिक वायू जेमतेम ६ टक्के, सरकारला २०३० पर्यंत १५ करायचाय. माझी आई विड्या वळते, सिलिंडर संपला की अर्धा दिवस त्याच्यामागं जातो, तेवढ्या विड्या कमी आणि मजुरी पण कमी. अशी किती घरं आहेत इथं! बायकांचा वेळ वाचून कमाई वाढली तर ती देशाचीच वाढ ना?

हिशेबी:
नाही पटत. उलटं आहे, आधी हातात पैसा येतो मग गॅसचा वापर वाढतो. शिवाय जवळपास निम्मा गॅस आपण बाहेरून आणतो, थंड करून द्रव बनवून, म्हणजे एलएनजी करून, जहाजातनं. २०२२ ला युक्रेन युद्धात भाव भडकले, युरोपनं जास्त पैसे मोजून माल तिकडं ओढला आणि आपली आयात घटली.

पूर्वभागातला:
अहो सिलिंडरमधला एलपीजी तरी कुठं आपला, तो पण निम्म्याहून जास्त आयातच. उलट घरच्या पाईपला देशातला गॅस आधी मिळतो, देशातल्या जुन्या गॅसविहिरींच्या क्षेत्रातल्या गॅसला तर एप्रिल २०२३ ला एमएमबीटीयूमागं (गॅसच्या उष्णतेचं माप) साडेसहा डॉलर दराची मर्यादा घातली.

डाईंगवाला:
तिथंच तर दुखतंय. स्वस्त गॅस घराला, कारखान्याला बाजारभावानं. टॉवेलच्या डाईंगला दिवसभर वाफ लागते, आमचा बॉयलर लाकडावर, लाकूड ओलं आलं की प्रेशर पडतं, तापमान हललं की रंगाची शेड बदलते आणि अख्खा लॉट परत रंगवायचा, एक्सपोर्टची पार्टी शेडमधला फरक खपवून घेत नाही. गॅसवर हा त्रास कमी होईल माहितीय, पण दर परवडत नाही. वाढ पायजे असंल तर आधी आम्हाला द्या, कामगारांचा पगार इथनंच निघतो.

उत्तर तालुका:
आणि युरियाचं काय? देशात सगळ्यात जास्त गॅस खत कारखान्यांना लागतो. स्वयंपाकाला वीज वापरा की, इथं जवळ आहेरवाडीला एनटीपीसी या सरकारी कंपनीचा १३२० मेगावॅटचा वीज प्लांट आहे.

हिशेबी:
ती वीज कोळशावरची आहे दादा.

पूर्वभागातला:
आणि भाकरी फुगवायला जाळ लागतो. डाईंगवाले काका, कारखान्याला गॅस परवडला पायजे हे मला पण मान्य. पण आधी आम्हाला म्हणजे काय? तुमच्याकडच्या कामगाराची बायको आमच्याच गल्लीत विड्या वळत असंल, तिचा तो अर्धा दिवस तुम्ही कशात धरलाय?