‘चार्ज’ या शब्दाचे अर्थ आणि त्याला मराठीत योजायचे शब्द

मोबाईल चार्ज होतो, नवा अधिकारी चार्ज घेतो, पोलीस लाठीचार्ज करतात आणि बँक चार्जेस लावते. ही चारही वाक्ये ऐकताना मराठी माणूस कुठेही अडखळत नाही. अडचण येते ती या शब्दाला मराठी शब्द शोधताना, कारण प्रत्येक ठिकाणी वेगळा शब्द लागतो आणि कोशात पहिला दिलेला अर्थ तसाच उचलला तर वाक्य हमखास फसते.

या सर्व अर्थांच्या मुळाशी ओझे आहे. लॅटिनमध्ये ‘कारुस’ म्हणजे गाडा. त्यावरून गाड्यावर माल लादणे या अर्थाचे ‘कारिकारे’ हे क्रियापद झाले आणि जुन्या फ्रेंचमार्गे ते इंग्रजीत ‘चार्ज’ होऊन आले. ‘कार’, ‘कॅरी’ आणि ‘कार्गो’ हे याच कुळातले शब्द होत. इतकेच नव्हे, तर वैशिष्ट्यांवर जादा भर देऊन काढलेल्या चित्राला म्हणतात ते ‘कॅरिकेचर’ही इटालियनमधल्या ‘लादणे’ या क्रियापदावरूनच आले आहे.

ओझ्याची ही कल्पना लक्षात ठेवली की आरोपाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मराठीतला ‘आरोप’ हा शब्दही मुळात ‘वर चढवणे, एकावर दुसरे ठेवणे’ असाच आहे, आणि वृक्षारोपणातले आरोपण हे त्याचेच भावंड. आपण आरोप ठेवतो, ठपका ठेवतो. म्हणजे क्रियापदही ठेवण्याचेच वापरतो. कायद्याच्या भाषेत मात्र एक फरक काटेकोरपणे पाळायला हवा. चार्जशीट म्हणजे आरोपपत्र. ते पोलीस न्यायालयात दाखल करतात. त्यानंतर कोणते आरोप खटल्यात चालवायचे हे न्यायालय ठरवते, या पायरीला आरोपनिश्चिती म्हणतात. आरोपपत्र दाखल झाल्याच्या बातमीत ‘आरोप निश्चित झाले’ असे लिहिणे म्हणजे खटला प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा एक पायरी पुढे नेऊन ठेवणे होय. एखाद्या माणसाच्या अब्रूचा प्रश्न असताना अशी सैल भाषा क्षम्य नाही.

विजेच्या क्षेत्रात हा शब्द बंदुकीच्या वाटेने आला असावा. बंदुकीत एका बाराला ठासायच्या दारूच्या मापाला इंग्रजीत ‘चार्ज’ म्हणत आणि बंदूक भरण्यालाही तेच क्रियापद होते. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४७च्या सुमारास लेडन बरणीवरील (वीज साठवण्याच्या काचेच्या बरणीवरील) प्रयोगांचे वर्णन करणारी पत्रे लिहिली, त्यांत बरणीत वीज भरण्याला हाच शब्द वापरला. अशा अनेक बरण्यांच्या जोडणीला त्यांनी दिलेले ‘बॅटरी’ हे नावही तोफखान्यातलेच. मराठी पाठ्यपुस्तकांनी येथे ‘विद्युतप्रभार’ हा शब्द स्वीकारला, हे मला अत्यंत योग्य वाटते. ‘भार’ हा शब्द विजेच्या व्यवहारात ‘लोड’साठी आधीच गुंतलेला आहे, भारनियमन या शब्दात तो रोज दिसतो, आणि इलेक्ट्रॉनवरच्या ऋण प्रभारालाही ‘भार’च म्हटले तर विद्यार्थ्याच्या मनात दोन वेगळ्या राशी एकमेकींत मिसळतील. बॅटरीच्या बाबतीत मात्र ‘प्रभारित करणे’ हे वर्गाबाहेर कोणी बोलत नाही, तेथे ‘चार्ज करणे’ हेच मराठी मानावे. ‘चार्ज्ड’ वातावरणाला तर ‘भारलेले’ हा शब्द आपल्याकडे पूर्वीपासून तयार आहे. मंत्राने भारलेला दोरा म्हणताना जो अर्थ असतो, तोच तेथे हवा असतो.

पदाच्या संदर्भात कार्यभार आणि प्रभार हे दोन्ही शब्द चालतात, पण त्यांची छटा एक नाही. ‘प्रभारी मुख्याध्यापक’ म्हटले की कायम नेमणूक होईपर्यंत काम पाहणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. इंग्रजीतल्या ‘इन चार्ज’मध्ये हा तात्पुरतेपणा मुळीच नाही, त्यामुळे त्याचे सरसकट ‘प्रभारी’ असे भाषांतर करू नये. ‘विभाग सांभाळतात’, ‘जबाबदारी त्यांच्याकडे आहे’ असे साधे लिहावे. याच ठिकाणी आणखी एक खाचखळगा आहे. ‘नर्स इज इन चार्ज ऑफ द चाइल्ड’ यात मूल नर्सच्या ताब्यात आहे. ‘द चाइल्ड इज इन द चार्ज ऑफ द नर्स’ यातही तेच आहे, पण कर्ता बदलला आहे आणि मध्ये ‘द’ आला आहे. तो नजरेतून सुटला तर मूलच नर्सला सांभाळते असा अनर्थ होतो. सांभाळायला दिलेल्या मुलालाही इंग्रजीत नुसते ‘चार्ज’ म्हणतात, हा अर्थ जुन्या कादंबऱ्या वाचताना उपयोगी पडतो.

पैशांच्या बाबतीत शुल्क आणि आकार हे दोन्ही शब्द रूढ आहेत, सरचार्जला अधिभार आहे, आणि ‘फ्री ऑफ चार्ज’ला विनाशुल्क किंवा सरळ फुकट. हल्ल्याच्या अर्थाला चाल करून जाणे किंवा तुटून पडणे पुरते.

वाक्यात नेमका कोणता अर्थ आहे हे शोधताना मी आधी ‘चार्ज’नंतरचा लहानसा शब्द पाहतो. ‘चार्ज अॅट’ असेल तर अंगावर धावून जाणे, ‘चार्ज फॉर’ असेल तर एखाद्या गोष्टीचे पैसे घेणे, ‘चार्ज टू’ असेल तर रक्कम कोणाच्या तरी खात्यावर टाकणे. ‘चार्ज विथ’ मात्र दोन्हीकडे जातो: त्यापुढे चोरी आली तर आरोप, काम आले तर जबाबदारी.