निवारा सोडून गेलेली बाई आपल्या अपयशात मोजायची का?

रेणू_स (धागालेखिका)

महिला निवाऱ्यांच्या अहवालात 'पुनर्वसन झालेल्या' असा एक रकाना असतो आणि त्याच्या शेजारी 'न सांगता निघून गेलेल्या' असा दुसरा. पहिला आकडा देणगीदारांसमोर ठळक छापायचा, दुसरा बैठकीत पटकन वाचून पुढे जायचं. मी बेघर स्त्रियांसोबत समुपदेशक म्हणून काम करते. दुसऱ्या रकान्याला अपयश म्हणणं बंद करावं, असं माझं मत झालंय.

रस्त्यावर राहणारी बाई तिथे स्वतःच्या नियमांवर तगलेली असते. चपला-बूट काढून झोपायचं नाही. पिशवी उशाखाली. रात्र जागून काढायची, दिवसा गर्दीत डुलकी घ्यायची. काही जणी मुद्दाम अंघोळ टाळतात, कारण अंगाला वास आला की पुरुष चार हात लांब राहतात. ती आपल्या दारात आली की पहिल्याच संध्याकाळी आपण तिची पिशवी तपासतो, तिला अंघोळीला पाठवतो आणि ठरल्या वेळी दिवे घालवतो. तिला आजवर जिवंत ठेवलेल्या सगळ्या युक्त्या एका झटक्यात काढून घ्यायच्या आणि वर फाइलीत 'सहकार्य करत नाही' असा शेरा मारायचा.

ज्युडिथ हर्मन या मानसोपचारतज्ज्ञांनी १९९२ मध्ये आघातातून सावरण्याचे तीन टप्पे मांडले. आधी सुरक्षितता, मग घडलेल्याची आठवण आणि शोक, त्यानंतर माणसांत परतणं. आपल्याला मात्र पहिल्याच आठवड्यात तिची सगळी कहाणी हवी असते, कारण फॉर्ममध्ये तशी जागा आहे!

या कामात मला खरं समाधान मिळतं ते बाई मला ठामपणे नाही म्हणते तेव्हा. "आज बोलायचं नाही", "ती खोली नको". जिला नकाराबद्दल आयुष्यभर मार खावा लागला, ती माझ्यासमोर न घाबरता नकार देते. मग ती निघून गेली तरी काहीतरी कमावून गेली, असं मी मानते. विरोधी मतं वाचायला आवडतील.

तर्कटराव

ताई, तुमच्या तळमळीबद्दल शंका नाही, पण हा युक्तिवाद फार सोयीचा आहे. बाई राहिली तर यश, गेली तरी यश. मग संस्था नापास कधी होणार? मी नियमित देणगी देतो, त्यामुळे थोडं रोखठोक विचारतो. निघून गेलेल्या बाईचं पुढे काय झालं, हे तुम्हाला ठाऊक असतं का? नसेल तर 'काहीतरी कमावून गेली' हे कशाच्या जोरावर म्हणता?

रात्रपाळी

मी निवाऱ्यात रात्रीची ड्यूटी करते. वरचं वाचून जरा रागच आला, म्हणून सविस्तर लिहिते.

पिशवी तपासणं तुम्हाला अपमान वाटतो. मला त्या पिशवीत ब्लेड सापडलेलं आहे. ते तिने स्वतःच्या बचावासाठी ठेवलं होतं, हे मलाही कळतं. पण त्याच खोलीत एक गरोदर मुलगी झोपलेली असते, एक आजी असते जी रात्री चुकून दुसरीच्या पलंगापाशी जाते, आणि नवऱ्याच्या भीतीने दार वाजलं तरी दचकणारी एक असते. एकीचं स्वातंत्र्य जपायला गेले की दुसरीची सुरक्षितता जाते. दिवसा समुपदेशन करणाऱ्यांना एका वेळी एक बाई भेटते, मला सगळ्या एकदम भेटतात.

दाराबाहेरच्या पुरुषांचं काय करायचं तेही सांगा. रस्त्यावर बऱ्याच जणी एखाद्या पुरुषाच्या आधाराने राहतात. तो मारतो, पण बाकीच्यांना लांब ठेवतो. ती आत आली की हा बाहेर उभा राहून हाका मारतो. अशा वेळी दार उघडं ठेवू? की 'तिचा निर्णय' म्हणून तिला त्याच्याबरोबर जाऊ देऊ? सज्ञान बाईला मी अडवू शकत नाही आणि अडवतही नाही, पण ती गेल्यावर मी 'समाधान' वगैरे म्हणू शकत नाही. सकाळपर्यंत पोटात गोळा असतो.

समाधान हवंच असेल तर माझं अगदी साधं आहे. सगळ्या एकदम गाढ झोपल्या आणि कुणी बूट घालून झोपलेलं नाही, अशी रात्र. क्वचित येते.

नकाशा

रात्रपाळीताई, +१. एक मुद्दा मात्र निसटतोय. आपण सगळे निवाऱ्यात आलेल्या बाईबद्दल बोलतोय. बेघर स्त्रिया मोजणीत मुळात कमी सापडतात, कारण त्या लपून राहतात. कुणी नातलगाच्या घरात चार दिवस, कुणी रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहात, कुणी रात्रभर बसमध्ये. युरोपातल्या बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या महासंघाने, म्हणजे फेआन्त्साने, २००५ मध्ये केलेल्या वर्गीकरणात दुसऱ्याच्या घरी तात्पुरतं राहणं आणि हिंसेच्या धाकाखाली राहणं हेही घरापासून वंचित असण्याचे प्रकार धरले आहेत. त्या व्याख्येने बघितलं तर तुमच्या दोन्ही रकान्यांच्या बाहेर केवढा मोठा समूह उरतो!

आधी तर बायकांसाठी वेगळी जागाही नव्हती. अमेरिकेत बॉस्टनमध्ये किप टिअरनन यांनी १९७४ मध्ये 'रोझीज प्लेस' सुरू केलं, तो त्या देशातला फक्त स्त्रियांसाठीचा पहिला निवारा. त्याआधी पुरुषांच्या निवाऱ्यात जेवण मिळावं म्हणून बायका पुरुषी कपडे घालून रांगेत उभ्या राहत. ती संस्था सरकारी पैसा घेत नाही. तर्कटराव, तुमच्या 'नापास कधी' या प्रश्नाचं एक उत्तर यात आहे. पैसा कुणाचा, यावर कोणता रकाना महत्त्वाचा ते ठरतं.

तर्कटराव

सरकारी नाही तर माझ्यासारख्यांचा पैसा. म्हणजे प्रश्न विचारायचा हक्क उलट वाढलाच की!

गोळी_वेळेवर

मानसिक आजार असलेल्या बेघर स्त्रियांसोबत काम करतो. इथे नकाराचा मुद्दा जास्त अवघड होतो. आजाराच्या भरात आलेला नकार आणि विचार करून दिलेला नकार यांत फरक करावा लागतो, आणि तो दरवेळी जमत नाही.

बाई औषध घेत नाही म्हणून तिला अडाणी किंवा हट्टी ठरवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. मनोविकारावरच्या अनेक गोळ्यांनी गुंगी येते. उघड्यावर झोपणाऱ्या बाईला गाढ झोप परवडत नाही. तिने गोळी थुंकणं हा तिच्या जागी बसून पाहिलं तर शहाणपणा आहे. सुरक्षित छप्पर मिळालं की तीच बाई गोळी घेते, हे मी पाहिलंय. म्हणून 'आधी बरी हो, मग घर देऊ' हा क्रमच उलटा वाटतो. सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये नेमका हा क्रम बदलला. आधी घर, उपचारांची सक्ती नाही. फिनलंडने २००८ पासून ते राष्ट्रीय धोरण केलं आणि वसतिगृहांचं रूपांतर भाड्याच्या स्वतंत्र घरांत केलं.

आता 'पुनर्वसन' या रकान्याबद्दल. त्यात सहसा कुटुंबाकडे परत पाठवलेल्या बायका मोजतात. डॉ. भरत वटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरच्यांपर्यंत पोचवण्याच्या कामासाठी. ते काम मोठंच आहे. पण ज्या घरातून मार खाऊन ती निघाली, तिथेच परत पाठवणं हे यश कसं? चेन्नईत १९९३ मध्ये सुरू झालेल्या 'द बॅन्यन' या संस्थेने यासाठी पुढे वेगळी वाट काढली. ज्यांना परतायला घर नाही अशा स्त्रिया चार-पाच जणी मिळून साध्या वस्तीत भाड्याच्या घरात राहतात, मदतीला एक कार्यकर्ती. त्याही कुटुंबच झाल्या, फक्त रक्ताच्या नाहीत.

रात्रपाळी

स्वतंत्र घर द्या की, मी कशाला नको म्हणेन? पण ते मिळेपर्यंत बाई माझ्याकडेच झोपणार आहे. धोरणावर बोलणाऱ्यांना ही मधली रात्र दिसत नाही.

दोन_पिशव्या

एरवी फक्त वाचते. मी स्वतः काही काळ निवाऱ्यात राहिले आहे, त्यामुळे लिहिते.

मी न सांगता निघून गेले होते, म्हणजे तुमच्या दुसऱ्या रकान्यातली. नियम हे त्याचं कारण नव्हतं. नियम बरे वाटायचे, निदान उद्या काय होणार ते कळायचं. कारण असं की माझ्याशी बोलणाऱ्या ताई सारख्या बदलायच्या. नवीन आली की पुन्हा पहिल्यापासून सांगा. नवऱ्याने काय केलं, मुलं कुठे आहेत, शेवटचं कधी भेटलात. मुलांचं सांगितलं की ती कायमची काढून घेतील ही भीती, नाही सांगितलं तर खोटं बोलते म्हणून नोंद. शेवटी कंटाळून गेले.

रेणूताई, राग मानू नका, तुमचं एक पटलं नाही. माझ्या नकारातून तुम्हाला समाधान मिळतं म्हणता. मी "नको" म्हणायचे तेव्हा ताई खूप आदराने "बरं" म्हणून जायच्या. त्या गेल्या की मला वाटायचं, सुटल्या एकदाच्या माझ्यापासून. दुसऱ्या दिवशी परत विचारणारी एकच होती. ती चिडली नाही आणि तिने आग्रहही केला नाही, नुसतं रोज विचारायची. तिच्यामुळे मी नंतर परत आले. तिचाही पगार वेळेवर होत नव्हता, हे मला फार पुढे कळलं. तीही नंतर सोडून गेली.

रेणू_स

राग कसला. नकाराचा आदर म्हणजे पाठ फिरवणं नव्हे, हे तुमच्याइतकं नेमकं मला मांडता आलं नसतं. माझं म्हणणं तरीही सोडत नाही: जी परत येऊ शकली, तिच्या मागे दार धाडकन बंद झालं नव्हतं म्हणून येऊ शकली. 'नियमभंग' म्हणून नाव काढून टाकलेल्या बाईला तीही सोय नसते.

आणि कार्यकर्त्या बदलतात त्याचं कारण उघड आहे. रोज दुसऱ्यांच्या आघातांच्या गोष्टी ऐकल्या की ऐकणारीचीही झोप उडते, माणसांवरचा विश्वास डळमळतो. मॅककॅन आणि पर्लमन या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्येच याबद्दल लिहिलं होतं. तरी आपल्याकडे यावर उपाय काय, तर "तुम्हाला पुण्य लाभतंय". समाधान हे पगाराच्या जागी दिलं जातं.

तर्कटराव

आता मुद्द्यावर आलात. माझा आक्षेप थोडा बदलतो, मागे घेत नाही. मोजायचं नाही हे अमान्य, वेगळं मोजा. परत आलेल्या बायका किती, एकाच कार्यकर्तीशी सलग किती काळ बोलता आलं, कार्यकर्त्या किती टिकल्या. असा अहवाल आला तर मी देणगी खुशाल पगारासाठी देईन. आजवर "प्रशासकीय खर्च कमी ठेवा" असंच सांगत आलो.

रात्रपाळी

तर्कटराव, पगाराचं बोललात, बरं वाटलं. पण रेणूताईंना माझा प्रश्न शिल्लक आहे. गेलेली बाई परत येईल म्हणून तिचा पलंग किती रात्री रिकामा ठेवायचा? दारात दुसरी उभी असते. मी एक रात्र ठेवते, वरून परवानगी नसताना. दुसऱ्या रात्री देऊन टाकते.

रेणू_स

पलंग द्या, रिकामा ठेवू नका. पण तिचं सामान कुलपात राहू द्या आणि फाइल बंद करू नका. आली तर पुन्हा पहिल्यापासून विचारायचं नाही, एवढं तरी आपल्या हातात आहे.

रात्रपाळी

सामानाला कपाट कुठे आहे? पुढच्या बैठकीत मागते. तुम्हीही दिवसपाळीच्या बाजूने मागा.