पट्टा, विभाग, मुलूख : यातलं नेमकं काय लिहावं?

कपाशीची वही
नमस्कार मंडळी, अडलोय म्हणून विचारतो. आमच्या गावच्या (दारव्हा तालुका) वाचनालयात दर महिन्याला भिंतपत्रक लागतं, या खेपेला अमेरिकेतल्या शेतीवर लिहायचं ठरलं. तिकडं कापसाचा भाव हलला की इकडं जिनिंगवर हलतो हे आता शाळेतल्या पोरांनाही समजतं, म्हणून. पण पहिल्याच परिच्छेदात गाडी रुतली.

अमेरिकेत ५० राज्यं. तिथलं जनगणनेचं खातं या राज्यांचे ४ 'रीजन' करतं, आणि त्या चारच्या पोटात ९ 'डिव्हिजन'. आता डिव्हिजन म्हणजे विभाग हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं, अमरावती विभाग, नागपूर विभाग. मग त्याच्यावरच्या रीजनला काय म्हणू? 'प्रदेश' लिहिलं तर वाचणाऱ्याला मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश आठवतं, म्हणजे पुन्हा राज्यच. 'क्षेत्र' लिहिलं तर सातबारावरचे हेक्टर-आर डोळ्यापुढं येतात.

हे झालं सरकारी. लोकांच्या तोंडचं त्याहून अवघड. ते लोक 'कॉर्न बेल्ट', 'कॉटन बेल्ट' म्हणतात. मी लिहिलं, "आयोवा, इलिनॉय हा मक्याचा पट्टा." काकांना वाचून दाखवलं तर त्यांनी मान वर करून विचारलं, "कोणाले भेटला पट्टा? किती एकराचा?" त्यांच्या साळ्याची वनजमिनीच्या पट्ट्याची फाइल कित्येक वर्षांपासून अडकून आहे, त्यामुळं पट्टा म्हटलं की त्यांना कागदच दिसतो. आमच्याकडं बऱ्याच घरी असंच. तर पट्टा लिहू का नको? रविवारी कागद भिंतीवर लागायचा आहे.

शब्दवेडी
भाऊ, काकांचा पट्टा आणि तुमचा पट्टा सख्खे भाऊ आहेत. मूळ शब्द संस्कृत 'पट्ट'. कापडाची लांब चिंधी तो पट्ट, आणि ज्यावर राजाचं दान कोरायचं तो पत्राही पट्टच, ताम्रपट त्यातूनच आला. लांबट तुकडा म्हणून जमिनीची पट्टी, आणि लिहिलेला कागद म्हणून जमिनीचा पट्टा. तेव्हा बिनधास्त लिहा, वाचणारा संदर्भावरून लावून घेतो.

रीजनला 'प्रदेश'च योग्य आहे. राज्यांच्या नावात आला म्हणून शब्द सोडून द्यायचा का? वर्धेकडच्या शाळेत ३१ वर्षं मराठी शिकवलं, भूगोलाच्या पुस्तकात 'नैसर्गिक प्रदेश' हा शब्द मुलं न अडखळता वाचायची. फक्त झोन, रीजन, बेल्ट असं देवनागरीत उतरवून ठेवू नका, एवढी विनंती.

घाटाखालचा
पट्टा लिहा भाऊ, आमच्याकडं तर रोजचा शब्द आहे. खारपाणपट्टा. पूर्णेच्या दोन्ही अंगाला अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून गेलेला. आमच्या विहिरीचं पाणी तोंडात धरलं तर मिठाच्या डब्यात बोट घालून चाटल्यासारखं लागतं, भांड्याच्या तळाला पांढरी पुटं चढतात, त्या पाण्यावर ओलीत केलं तर दोन-तीन वर्षांत जमीन दगडासारखी होऊन जाते. सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न हाच येतो, गाव खारपाणात आहे का गोड्या पाण्यात. याची हद्द तलाठ्याच्या नकाशात शोधायला जाऊ नका, पण कोणत्या गावाच्या कोणत्या शिवारात पाणी फिरतं ते आमच्या बायका घागर न उचलता सांगतात. पट्टा म्हणजे हे. हद्द कोणी आखलेली नाही आणि तरी सगळ्यांना ठाऊक.

झाडीतला मास्तर
घाटाखालचे भाऊ बरोबर बोलले जी. आमची झाडीपट्टी पण तशीच. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वेकडचा भाग. एवढा मोठा मुलूख, पण या नावाचा ना जिल्हा ना तालुका ना कमिशनर. तरी दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावजत्रेचे, दिवस लागले आणि गडचिरोलीतल्या वडसाच्या मंडळींची नाटकं गावोगाव फिरायला लागली की झाडीपट्टी कुठून कुठपर्यंत ते कोणाला विचारावं लागत नाही, जिथपर्यंत लोक रातभर कुडकुडत नाटक पाहतात तिथपर्यंत.

पण पट्टा आणि पट्टी यात फरक आहे जी. आमच्याकडं धानपट्टा कोणी म्हणत नाही, "धानाचा भाग" म्हणतात. आणि पट्टा तर गडचिरोलीत कागदच. २००६ चा वनहक्क कायदा आल्यापासून घराघरात तोच शब्द. तुमच्या काकांचा प्रश्न आमच्या अर्ध्या जिल्ह्यानं विचारला असता.

लाईनवरचा
शब्दवेडी ताई म्हणतात संदर्भावरून समजते, पण विभाग शब्दाचं काय? मी विजेच्या कंपनीत लाईनवर आहो. आमच्यात वरत परिमंडळ, त्याच्या खाली मंडळ, मग विभाग, मग उपविभाग, मग शाखा. म्हणजे विभाग हा मंडळाच्या खाली. महसुलात उलटं, विभाग सगळ्यात वर, मग जिल्हा, तालुका आणि मंडळ तालुक्याच्याही खाली. रेल्वेत आणखी वेगळं, तिथं झोन मोठा आणि त्याच्या पोटात मंडल. नागपुरात तर रेल्वेची दोन मंडलं आहेत, एक मध्य रेल्वेचं आन एक दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचं, दोघांचंही नाव नागपूर. एकाच्या झोनचं मुख्यालय मुंबईले, दुसऱ्याच्या झोनचं बिलासपूरले. आता सांगा विभाग मोठा का मंडळ मोठं. म्हणून म्हणतो झोन लिवा. झोन म्हटलं की कोणीही समजते, नागपूर मनपाचे १० झोन आहेत, झोन हापिसात म्हातारीही एकटी जाऊन येते.

शब्दवेडी
लाईनवरचे भाऊ, परिमंडळ हा तुमच्याच बिलावरचा झोनचा मराठी शब्द आहे, किती नेटका! तो वापरात असताना झोन कशाला? शब्द न वापरता ठेवला की गंजतो.

लाईनवरचा
बिलावर आहे ताई, तोंडात नाही. २२ वर्षं झाली, एकाही गिऱ्हाइकानं मले परिमंडळ म्हटलं नाही.

कपाशीची वही
मंडळाचा विषय निघालाच आहे तर सांगतो, थोडं विषय सोडून होईल. तालुक्याखालचं हे महसूल मंडळ म्हणजे शेतकऱ्याचं नशीब आहे. पाऊस मोजायचं यंत्र मंडळाला एक. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला तर अतिवृष्टी, नाही तर नाही. पीकविम्याचा हिशोबही मंडळ धरून. आमच्या शेताच्या धुऱ्याला (बांधाला) लागून नाला आहे, नाल्याच्या अलीकडं एक मंडळ, पलीकडं दुसरं. दोन वर्षांपूर्वी एकाच रात्री एकाच ढगानं दोन्हीकडची कपाशी झोपवली. सकाळी मी आणि पलीकडचा शेतकरी दोघं गुडघाभर गाळात उभे राहून एकमेकांकडं पाहत होतो. त्याला मदत मिळाली. आमच्या यंत्रात पाऊस कमी भरला म्हणून आम्हाला नाही. कचेरीत गेलो तर नकाशावर बोट ठेवून सांगितलं, तुमचं मंडळ वेगळं. त्या दिवसापासून या शब्दांकडं मी नुसते शब्द म्हणून पाहू शकत नाही. कोणत्या कामासाठी रेघ मारली ते शब्दात दिसलं पाहिजे असं वाटतं. अमेरिकेचे ४ आणि ९ हे मोजणीसाठी आहेत, त्यांना आपला 'विभाग' म्हटलं तर वाचणारा तिथं कमिशनर बसलेला समजेल. तिथं कोणी बसत नाही, नुसते आकडे मांडायची सोय आहे.

मोर्शीकडचा
वही भाऊ, तुमचं दुःख समजलं. आमच्या संत्र्याचंही तसंच होतं.

पण सरकारी आणि लोकांचं असे दोन डब्बे करता येत नाहीत असं माझं मत. विदर्भच घ्या. विदर्भ सरकारी का बिनसरकारी? कलेक्टर-कमिशनरच्या उतरंडीत विदर्भ कुठंच नाही, तिथं ५ जिल्ह्यांचा अमरावती विभाग आणि ६ जिल्ह्यांचा नागपूर विभाग. पण हवामान खात्याचे देशभर ३६ उपविभाग आहेत त्यात 'विदर्भ' आहे, रोज बातम्यांत ऐकतो. घटनेच्या कलम ३७१(२) मध्येही विदर्भ नावानिशी आहे. आणि हे दोन विभाग आजचे नाहीत. कालिदासाच्या मालविकाग्निमित्रात अग्निमित्र विदर्भाचे दोन वाटे करतो आणि मध्ये हद्द कोणती धरतो? वरदा नदी. म्हणजे आमची वर्धा. इंग्रजांच्या काळात नदीच्या अलीकडं वऱ्हाड, पलीकडं मध्य प्रांत. आजही अमरावती आणि नागपूर विभागांची हद्द बऱ्याच ठिकाणी तीच नदी. धामणगावहून पुलगावला जाताना पूल लागतो तेव्हा मी दरवेळी खाली पाहतो.

आणि वऱ्हाड शब्दही त्या नदीचाच. आईन-ए-अकबरीत दिलंय, वरदा-तट, त्याचं वऱ्हाड.

घाटाखालचा
आमच्या आजीनं वेगळं सांगितलं होतं. रुक्मिणी आपली, कौंडण्यपूरची, तिच्या लग्नाला आलेलं वऱ्हाड म्हणून मुलखाचं नाव वऱ्हाड. मला तेच पटतं. नदीचं नाव घ्यायचं तर आमच्याकडं पूर्णा आहे, वर्धा आम्ही पाहिलेली पण नाही.

शब्दवेडी
लग्नाच्या वऱ्हाडाची व्युत्पत्ती गोड आहे पण टिकत नाही. 'विदर्भ'चीही तशीच, वि-दर्भ, जिथं दर्भ उगवत नाही तो. माझ्या परसात दर्भ उगवतो.

झाडीतला मास्तर
वऱ्हाड-वऱ्हाड चाललंय म्हणून बोलतो जी. आम्हाला पुण्या-मुंबईचे लोक सरसकट वऱ्हाडी म्हणतात ते चुकीचं आहे. आम्ही वऱ्हाडी नाही. आमची झाडीबोली वेगळी, जेवण वेगळं, जुना कारभारही वेगळा. नदीच्या तुमच्या अंगाला तालुका म्हणतात, आमच्याकडं तहसील, कारण मध्य प्रांतात तहसील होती. बाबांच्या जुन्या कागदावर "मौजा अमुक, तहसील अमुक, जिल्हा चांदा" असं आहे, तेव्हा गडचिरोली जिल्हाच नव्हता, तो १९८२ चा. पश्चिमेकडचे लोक तलाठी म्हणतात, आम्ही पटवारी. त्यांच्याकडं प्रांत म्हणजे उपविभागीय अधिकारी, "प्रांतसाहेब आले". आमच्याकडं प्रांत म्हणजे अख्खा मुलूख आणि साहेबाला एसडीओ. हे भेद विदर्भ या एका शब्दाखाली झाकले जातात याचं वाईट वाटते.

मोर्शीकडचा
मास्तर, झाकायचा हेतू नव्हता. पण बाहेर एक नाव लागतंच.

घाटाखालचा
बाहेरचे देतात तेच नाव लागतं का? आमच्या बुलढाण्यात घाटावर आणि घाटाखाली असे दोन मुलूख आहेत. चिखली, मेहकर, लोणार घाटावर. खामगाव, शेगाव, नांदुरा घाटाखाली. जिल्हा एक, पण कपाशीची पेरणी, भाकरीची ज्वारी, बोलायची ढब सगळं वेगळं. हे जुन्या कागदात पायनघाट आणि बालाघाट होतं, वऱ्हाडचे तेच दोन भाग धरायचे. राज्यं गेली, कागद गेले, शब्द मराठी होऊन तोंडात राहिला. कोणतीही कचेरी आता घाटाखालच्या नावानं चिठ्ठी काढत नाही, पण एसटी स्टँडवर कोणालाही विचारा.

लाईनवरचा
हे खरं. आमच्यातही बदली झाली तर विचारतात, घाटावर का घाटाखाली.

कपाशीची वही
मंडळी, तुमचं वाचता वाचता माझा दुसरा अडसर आठवला. अमेरिकेतला 'मिडवेस्ट'. ओहायो नकाशात बघा, देशाच्या पूर्वेकडच्या अर्ध्यात आहे, आणि तरी मिडवेस्ट. कारण नावं ठेवणारे अटलांटिकच्या काठावर राहत होते, त्यांना तो पश्चिमच होता. त्याआधी तर त्याच भागाला १७८७ च्या कायद्यात 'नॉर्थवेस्ट' म्हटलंय. जनगणना खातं १९८४ पर्यंत त्याला 'नॉर्थ सेंट्रल' म्हणायचं, लोक मिडवेस्टच म्हणत राहिले, शेवटी खात्यानं लोकांचा शब्द घेतला. १२ राज्यं आहेत त्यात. मी 'मध्यपश्चिम' लिहिलं तर पोरं नकाशात डावीकडं शोधतील.

मोर्शीकडचा
आपल्याकडं हेच आहे ना. पुणे, सातारा, कोल्हापूरला आपण पश्चिम महाराष्ट्र म्हणतो, आणि त्याच्याही पश्चिमेला अख्खं कोकण उरतं. हवामान खातं त्याच भागाला 'मध्य महाराष्ट्र' म्हणतं. तिथला माणूस स्वतःला मध्य म्हणवून घेणार नाही. तेव्हा मध्यपश्चिम लिहू नका, मिडवेस्ट हे विशेषनाम आहे, तसंच ठेवा. वऱ्हाडचं कोणी भाषांतर करतं का?

शब्दवेडी
विशेषनाम ठेवायला माझी हरकत नाही. पण 'कॉटन बेल्ट' विशेषनाम नाही, त्याला अर्थ आहे, तो मराठीत आलाच पाहिजे. 'कापूसपट्टा'.

झाडीतला मास्तर
'कापसाचा मुलूख' म्हणा जी. मुलखाला हद्द विचारत नाहीत.

शब्दवेडी
मुलूख अरबी आहे.

झाडीतला मास्तर
तालुका, तहसील, जिल्हा, सगळेच अरबी आहेत ताई. काढून टाकले तर तुमच्या घराचा पत्ता लिहिता येणार नाही.

घाटाखालचा
वही भाऊ, अमेरिकेत काळ्या मातीचा पण पट्टा आहे ना? अलाबामाकडं, कापसाचाच. ते लोक मातीवरून नाव ठेवतात तर आपण 'काळीचा भाग' लिहिलं तर? काका काळी म्हटलं की लगेच समजतील, कागदाकडं जाणार नाहीत.

कपाशीची वही
आत्ता काकांना विचारून आलो. 'काळीचा भाग' म्हटल्याबरोबर समजलं, "आपल्यावानी" म्हणाले. मग मक्याचं विचारलं, मुलूख म्हणू का पट्टा. ते म्हणाले, "त्याहिचं धुरं कुठं लागते ते पाय आधी." धुऱ्याचंच नक्की नाही म्हणून तर मी विचारतोय. आणि रीजनचं अजून तसंच आहे, ४ च्या पुढं जागा कोरी सोडलीये.

लाईनवरचा
झोन लिवा.

मोर्शीकडचा
मास्तर, तुमच्या बाबांचा तो चांदा जिल्ह्याचा कागद, त्यावर परगण्याचं नाव आहे का हो? असलं तर कोणता ते सांगा. आमच्या घरी एक फाटका तुकडा आहे, त्यावर परगणा लिहिलंय, पण पुढचं अक्षर वाळवीनं खाल्लंय.