सॉफ्टवेअर अभियांत्रिकीचा गटप्रकल्प ऑनलाइन चालवताना मूडलवर काय असावे?

प्रश्न (अध्यापक, सोलापूर)
मी तिसऱ्या वर्षाला सॉफ्टवेअर अभियांत्रिकी शिकवतो. महाविद्यालयाच्या सर्व्हरवर मूडल (ऑनलाइन अभ्यासक्रम चालवण्याची प्रणाली) आहे, परंतु त्याचा उपयोग पीपीटी ठेवणे आणि असाइनमेंट गोळा करणे एवढाच होतो. येत्या सत्रात चादर-टॉवेलच्या कारखान्यासाठी ऑर्डर नोंदवणारी प्रणाली हा गटप्रकल्प ऑनलाइन चालवण्याचा विचार आहे. मात्र अक्कलकोट, मोहोळ, बार्शीकडून ये-जा करणाऱ्या अनेकांकडे घरी केवळ मोबाइलचा डेटा असतो, आणि गटात काम कोणी केले हे शेवटी आलेल्या झिप फाइलवरून कळत नाही. यासाठी मूडलमध्ये कोणते प्लगिन (जोड-सॉफ्टवेअर) घालावे?

उत्तर १
सर, न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठात तयार झालेले कोडरनर हे प्लगिन पाहावे. विद्यार्थ्याने लिहिलेला कोड ते टेस्ट केसेसवर (ठरावीक इनपुट आणि अपेक्षित उत्तरांवर) चालवून लगेच गुण देते. तो कोड ज्यावर चालतो तो जोब सर्व्हर मात्र मूडलच्या यंत्रावर न ठेवता वेगळ्या लिनक्स यंत्रावर बसवावा. दुसऱ्याने लिहिलेला कोड गुणपत्रकांच्या शेजारी चालवणे धोक्याचे आहे.

उत्तर २
कोडरनर चांगले आहे, पण ते प्रोग्रॅमिंग तपासते. १९६८ साली जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या परिषदेत ‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी’ हे नाव पुढे आले, तेव्हा चिंता होती ती मोठ्या प्रणाली वेळेत आणि खर्चात पूर्ण होत नसल्याची. म्हणून या विषयाच्या अभ्यासक्रमात प्लगिनपेक्षा कामाचा इतिहास दिसण्याची सोय आधी हवी. त्यासाठी लिनस टॉर्वाल्ड्स यांनी २००५ मध्ये सुरू केलेले, कोडमधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे गिट पुरेसे आहे. त्यात प्रत्येक लॅपटॉपवर संपूर्ण इतिहास असल्यामुळे कमिट (बदलाची नोंद) करण्यास इंटरनेट लागत नाही, आणि ‘गिट बंडल’ करून सगळी रिपॉझिटरी (कोड आणि त्याचा इतिहास) एका फाइलमध्ये पेनड्राइव्हवर आणता येते. मोहोळच्या विद्यार्थ्याने रात्री घरी काम करावे, सकाळी लॅबमध्ये पुश करावे, म्हणजे गटाच्या सामाईक रिपॉझिटरीत पाठवावे. मूडलमधील ‘वर्कशॉप’ ही क्रिया एकमेकांचे आवश्यकता-दस्तऐवज (प्रणालीने काय करावे हे सांगणारे) तपासण्यासाठी वापरावी. तिच्यात स्वतःच्या कामाला आणि दुसऱ्याचे काम किती नीट तपासले यालाही गुण मिळतात, ही सोय बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

उत्तर ३
गिटच्या इतिहासावर एवढा भरवसा ठेवू नये. कमिटवरचे नाव आणि तारीख वापरणाऱ्याच्याच हाती असतात. एक हुशार विद्यार्थी चौघांच्या नावाने कमिट करू शकतो. माझ्या मते सत्राच्या मध्यावर गटांचे प्रकल्प आपसात बदलावेत आणि नव्या गटाला एक बदल सांगावा. उदाहरणार्थ, एका ऑर्डरचा माल दोन हप्त्यांत जाईल आणि प्रत्येक हप्त्याचे बिल वेगळे निघेल. ‘एक ऑर्डर, एक बिल’ हे गृहीत धरून केलेली रचना अशा वेळी तत्काळ उघडी पडते. त्याच कोडवर पाच मिनिटांची तोंडी परीक्षा घेतली, की काम कोणाचे हा प्रश्नही बराचसा सुटतो.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. कोडरनर पहिल्या महिन्यातील सरावापुरते ठेवतो. प्रकल्प बदलण्याची कल्पना पटली, मात्र मूळ गटाचे दस्तऐवज अपुरे निघाल्यास नव्या गटाचे नुकसान होईल. म्हणून बदलापूर्वीच्या कामाचे आयसीएचे (अंतर्गत मूल्यमापनाचे) गुण आधीच निश्चित करावेत असे वाटते. ज्यांनी असे केले आहे त्यांनी गुणांची विभागणी कशी ठेवली, ते कृपया कळवावे.