स्लेड एवढे खाली कसे आले?

कोथरूडकर: रविवारी जुन्या बाजारात स्लेड या ब्रिटिश रॉक बँडची एलपी मिळाली, कव्हरचा कोपरा उंदराने खाल्लाय पण सुई ठेवली आणि त्यांचा गायक नॉडी होल्डरचा आवाज असला फाडून आला की अंगावर काटाच! १९७१ ते ७३ मध्ये ब्रिटनमध्ये ६ गाणी एक नंबरला, त्यातली ३ तर थेट पहिल्याच आठवड्यात. मग एकदम गेले कुठे हे लोक?

जुना_कॅसेटवाला: अरे १९७५ ला अमेरिका गाजवायला गेले ना, तिथे काही जमलं नाही आणि परत आले तोवर घरी पंक, म्हणजे नवं रांगडं रॉक, सुरू झालेलं, मग मोठ्या हॉलमधून क्लबमध्ये. मला फार लागतं हे, कारण लाइव्ह तेव्हाही जबरदस्तच होते.

बेसवाली: १९८० चं रीडिंग, इंग्लंडमधलं ते मोठं रॉक फेस्टिव्हल, विसरू नका! हेवी मेटल गायक ऑझी ऑस्बोर्न आयत्या वेळी गळला, हे स्टेजवर चढले आणि पब्लिक खिशात. पुढे १९८३ ला क्वायट रायट या अमेरिकन बँडने स्लेडचंच गाणं अमेरिकेत ५ नंबरवर नेलं, आणि १९८४ ला स्लेड स्वतः तिथे टॉप २० मध्ये.

जुना_कॅसेटवाला: हो, पण १९९२ ला होल्डर बाहेर पडला. नंतर गिटारवाल्या डेव्ह हिलने नाव चालू ठेवलं, पण तो गळा नाही ना.

कोथरूडकर: रीडिंगचं रेकॉर्डिंग शोधतो आजच. आधी दुसरी बाजू पुसून लावतो.