बॅटरीवरच्या कॅमेऱ्याला चार्जिंगला २० तास: दोष बॅटरीचा, चार्जरचा की केबलचा?

परसदार:
रत्नागिरीजवळच्या बंद घरासाठी दोन बॅटरीवाले कॅमेरे आहेत. फाटकावरचा १०,००० एमएएच, मायक्रो यूएसबी. पडवीतला ५,२०० एमएएच, टाइप-सी.
फाटकावरचा लॅपटॉपवर २० तास घेतो. १ अँपिअरचा चार्जर आणि ३ मीटर केबल लावली तरी १६ तास. बॅटरी गेली का?
पडवीतला फोनच्या सी-टू-सी (दोन्ही टोकांना टाइप-सी) केबलवर दिवाच लावत नाही. त्याला ५ मीटर केबल टाकून कायमचा जोडून ठेवायचा विचार आहे, चालेल?

तारतम्य:
बॅटरी शाबूत आहे. १०,००० एमएएच म्हणजे ३.६ व्होल्टने ३६ वॉट-तास. लॅपटॉपचं यूएसबी २.० पोर्ट देतं ५ व्होल्ट, ५०० मिलिअँपिअर, म्हणजे २.५ वॉट. त्यातलेही १०-१५ टक्के चार्जिंग सर्किट गरम होण्यात जातात. ३६ ला २.१ ने भागलंत की १७ तास. पुढे सेल ४.२ व्होल्टला पोचली की करंट हळूहळू उतरतो, त्या शेपटाचे दोनेक तास वेगळे. झाले जवळपास २०.

१ अँपिअरवर हेच १० तासांच्या आसपास व्हायला हवं. १६ लागतात म्हणजे चोर केबलमध्ये आहे. केबलच्या अंगावरची बारीक अक्षरं उजेडात तिरकी धरून वाचा. '२८ एडब्ल्यूजी/१पी, २४ एडब्ल्यूजी/२सी' अशा धर्तीवर काही असेल. १पी ही डेटाची जोडी, ती सोडून द्या. २सी म्हणजे वीज नेणाऱ्या दोन तारा. एडब्ल्यूजी म्हणजे तारेचा गेज, आकडा मोठा तितकी तार बारीक. तुमच्या केबलवर २सी ला २८ असेल तर बघा, २८ गेजचा रोध मीटरला ०.२१ ओहम. ३ मीटर केबल म्हणजे जाऊन-येऊन ६ मीटर, जवळपास १.३ ओहम. १ अँपिअर ओढायला गेलं की १.३ व्होल्ट तारेतच जिरतात आणि कॅमेऱ्याच्या तोंडाशी ३.७ उरतात. तेवढ्यावर ४.२ ची सेल भरत नाही, म्हणून सर्किट करंट उतरवत नेतं आणि तास वाढतात.

१ मीटर, २४ गेजची घ्या, तिच्यात ०.१७ व्होल्टच पडतात. २ अँपिअरच्या चार्जरने वेळ निम्मा होईलच असं नाही. किती ओढायचं ते कॅमेरा ठरवतो. माहितीपत्रकात 'इनपुट ५ व्होल्ट, १ अँपिअर' असेल तर तीच हद्द. चार्जिंगला लावताना कॅमेरा बंद करा, लाइव्ह बघत बसलात तर येणारी वीज तिथेच संपते.

दिवटी:
टाइप-सीचं सांगतो. केबल ठीक, चार्जर ठीक, कॅमेरा बनवणाऱ्याने दोन कवडीमोल रेझिस्टर वाचवलेत. सी-टू-सी जोडणीत पलीकडे उपकरण आहे हे कळेपर्यंत चार्जर ५ व्होल्ट सोडतच नाही. ते कळतं कॅमेऱ्याच्या टाइप-सी पोर्टातल्या सीसी नावाच्या पिनांवरच्या ५.१ किलोओहमच्या रेझिस्टरांमुळे, आणि बऱ्याच स्वस्त कॅमेऱ्यांत ते नसतात. जुन्या चपट्या ए पोर्टवर ५ व्होल्ट कायम असतात, म्हणून ए-टू-सी केबलने तोच कॅमेरा लगेच दिवा लावील. ६५ वॉटच्या चार्जरने तो जळेल ही भीती नको, उपकरणाने मागितल्याशिवाय चांगला चार्जर ५ व्होल्टच्या वर जात नाही.

बॅटरी पार उतरली असेल तर अर्धा-पाऊण तास ० टक्केच दिसू शकतं. ३ व्होल्टच्या खाली गेलेली सेल आधी अगदी थोड्या करंटने वर आणतात. तेवढ्यात केबल काढ-घाल करू नका.

परसदार:
जुन्या केबलवर २सी पुढे २८ च निघालं. पडवीतला ए-टू-सीवर चालू झाला. फाटकावरच्याला २४ गेजची नवी केबल आणली, पण पिन अर्धवट बसते आणि हलली की दिवा विझतो. पोर्टात हिरवट काहीतरी दिसतंय.

खारवारा:
दोन वेगळ्या भानगडी आहेत. पाणी जाऊ नये म्हणून पोर्ट रबरी बुचाच्या आत खोल बसवलेलं असतं. पिनेमागचं प्लास्टिक जाड असेल तर ते कडेला अडतं. पातळ मानेची, लांब पिनेची केबल मागा, किंवा ब्लेडने प्लास्टिकच्या कडा दीड-दोन मिलिमीटर तासा.

हिरवट आहे तो तांब्यावरचा गंज. खारी हवा, ओल आणि वर ५ व्होल्ट, मग तो झपाट्याने चढतो. कॅमेरा बंद करून मऊ टूथब्रशवर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, हलक्या हाताने घासा, तासभर वाळू द्या. सॅनिटायझर नको, त्यातलं ग्लिसरीन चिकटून राहतं. बूच चारही बाजूंनी दाबून बसवा. केबल लावलेलीच ठेवायची असेल तर पोर्टच्या खाली तिला झोळ द्या, पाणी झोळाच्या तळाशी ठिबकतं, पोर्टात चढत नाही.

५ मीटरचं म्हणाल तर २४ गेजमध्येही १ अँपिअरला ०.८ व्होल्ट जातात, ४.२ च उरतात. २० गेजला ०.३ जातात, पण तशी यूएसबी केबल दुकानात सहसा मिळत नाही. त्यापेक्षा घरात १२ व्होल्टचा ॲडॅप्टर, तिथून साधी दोन पदरी वायर आणि कॅमेऱ्याजवळ १२ चे ५ करणारा सीलबंद कन्व्हर्टर. १२ व्होल्टवर करंट निम्म्याहून कमी लागतो, त्यामुळे लांबीचं काही वाटत नाही. २३० व्होल्टची एक्स्टेन्शन पावसात नेऊ नका.

कायम जोडायला मात्र माझा विरोध आहे. सेल सतत ४.२ व्होल्टला आणि वर ऊन, या दोन्हींत ती फुगते. टायमर सॉकेट लावून रोज पहाटे दोन तास पुरे. मे महिन्यात पत्र्याखाली आतलं तापमान ४५ अंशांवर गेलं की सर्किट स्वतःच चार्जिंग थांबवतं, त्याला बिघाड समजू नका. आणि वीज जोडली म्हणून हे कॅमेरे दिवसरात्र रेकॉर्ड करत नाहीत, बहुतेक सगळे हालचाल झाली तरच जागे होतात. मागचं झाकण उचलल्यासारखं दिसलं की चार्जर काढा आणि बॅटरी बदला, दाबून बसवू नका.